राखणदाराचा नारळ

तारीवाडीच्या खाडीत पुन्हा तिसरे दिसले आणि त्याच दिवसापासून शिवा घाड्याचं अन्न तुटलं.

ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटेल. अहो, दोन वर्षं जी खाडी मेल्यागत पडली होती, जिच्या चिखलात पाय घातला की पोटरीपर्यंत तांबडा गाळ आणि वर कुजका वास, त्या खाडीत बायकांच्या हाताला नखाएवढे का होईना, जिवंत शिंपले लागले. तिसऱ्यांवर तर आमच्या अर्ध्या वाडीची चूल चालायची. बाया कुंपणाकुंपणावरून एकमेकींना हाका मारून सांगत सुटल्या. आणि हा बाबा मात्र ओटीवर तोंड पाडून बसलेला.

कारण सरळ होतं. खाडीत उतरायचं तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि गाऱ्हाणं घालायचा मान घाड्याचा. शिवाच्या आज्याने घातलं, बापाने घातलं, आता शिवाने घालायचं. घाडी देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने एकेक वाक्य बोलतो आणि प्रत्येक वाक्यावर सगळा गाव एका दमात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" ते 'व्हय' एकदा पडलं की शब्द घाड्याचा राहत नाही, गावाचा होतो. मग त्याच्या विरुद्ध जायची कोणाची छाती नाही. कोर्टात दिलेली साक्ष माणसं फिरवतील, पण राखणदारासमोर दिलेला व्हय आमच्याकडे फिरत नाही.

कंपनीच्या माणसांना ही गोष्ट कोणी शिकवली देव जाणे, पण त्यांनी ती बरोबर हेरली होती. वाडीच्या डोक्यावर जो सडा, कातळाचं माळरान आहे, तिथे त्यांनी लोखंडाची माती खणायला घेतली. ती माती धुऊन उरलेला तांबडा गाळ साठवायला मोठं तळं केलं आणि तळ्याला मातीचा बांध घातला. वाडी खवळली होती. वाडीचा म्होरक्या गावकर धोंडू तर सगळ्यांच्या पुढे, आडवा पडायला तयार. मग एक दिवस कंपनीचा साहेब शिवाच्या ओटीवर आला, पायातले बूट काढून बसला आणि म्हणाला, "घाडीबुवा, तुमच्या देवाला विचारल्याशिवाय आम्हाला काही करायचं नाही. तुम्हीच गाऱ्हाणं घाला." झालं! बूट काढून बसलेला साहेब शिवाने जन्मात पाहिला नव्हता. त्याची छाती फुगली. बांधावर मंडप पडला, शिवाच्या खांद्यावर शाल आली आणि त्याने खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "ह्यो बांध तुझ्या पदरात घातलो हा, ह्येची राखण कर, म्हाराजा!" लोक सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा!" धोंडूही म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून विरोध करायला कोणाच्या तोंडात जीभ उरली नाही.

पुढे तो बांध फुटला. गणपती जाऊन आठवडा झाला होता. चार दिवस पाऊस कोसळून थांबला होता, लख्ख ऊन पडलं होतं, आणि दुपारच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बाया तिसरे काढायला खाडीत उतरल्या होत्या. वरून व्हाळातून, ओढ्यातून, तो गाळ आला. बाकीच्या बाया किनाऱ्याजवळ होत्या, त्या कांदळाच्या मुळांना धरून धरून बाहेर पडल्या. सुभद्रेची तन्वी मध्यावर होती. कॉलेजात जाणारी एकुलती एक मुलगी, बाप तिच्या लहानपणीच गेलेला. तिला संध्याकाळी काढली तेव्हा तोंड धुतल्याशिवाय ओळखू येईना.

त्यानंतर मासे मेले, कालवं मेली, खारातली भातशेती गाळाखाली गेली. कंपनी कुलूप घालून निघून गेली आणि प्रकरण कोर्टात जाऊन बसलं. गावाने शिवाला दोष दिला नाही, हे मात्र सांगायला हवं. व्हय तर सगळ्यांनीच म्हटला होता. धोंडू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "आमी सगळेच फसलंव रे, शिवा." आणि शिवा मान हलवायचा.

पण शिवा नुसता फसला नव्हता. शिवाने बघितलं होतं.

त्या दिवशी सकाळी तो गवत कापायला सड्यावर गेला होता. बांधाच्या पायथ्याशी त्याला पाणी झिरपताना दिसलं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, त्याला कोणी घाबरत नाही. पण पाणी निवळ आहे की गढूळ, हे बघायचं असतं. निवळ असेल तर बांध शाबूत, आणि गढूळ असेल तर पाणी आतून बांधाला खात सुटलंय. हे खारातल्या शेतकऱ्याच्या शेंबड्या पोराला कळतं, तर शिवाला कळणार नाही? ते पाणी तांबडंलाल होतं, मनगटाएवढ्या भोकातून उसळत होतं. तो धावतच खाली उतरला.

आणि वाटेत त्याचे पाय मंदावले. त्याच्या मनात आलं, मी जाऊन सांगणार काय? की मी राखणदाराच्या पदरात घातलेला बांध फुटतोय? म्हणजे माझं गाऱ्हाणं पोकळ? तीन पिढ्यांत घाड्याचा शब्द पोकळ निघाला नाही, तो माझ्याच वेळी? आणि नाही फुटला तर? तर घाबरट म्हणून गाव हसेल. मग त्याने असं केलं, जे फक्त आमच्यातलाच माणूस करील. तो घरी गेला, नारळ घेतला, खाडीच्या तोंडावर उंडलीच्या झाडाखाली राखणदाराचा धोंडा आहे तिथे जाऊन फोडला आणि एकट्यानेच पुटपुटला, "तुझ्यावर सोपवलेला आसा, सांभाळून घे." मग घरी येऊन पेज जेवून तो झोपला. त्याला झोप लागलीही. ती झोप लागली याची आठवण त्याला सगळ्यात जास्त जाळायची.

हे फक्त त्याच्या बायकोला, सीतेला माहीत होतं. आणि तिने तोंडाला कुलूप घातलं होतं.

तर आता खाडी उघडायची म्हणून धोंडूने शिवाला गाऱ्हाण्याचं सांगितलं. गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी सुभद्रा शिवाच्या ओटीवर आली. पन्नाशीची बाई, पण दोन वर्षांत अंगावरचं मांस झडून हाडं दिसायला लागली होती. ती खांबाला टेकून बसली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"दादानु, उद्या गाऱ्हाण्यात माझा एक घालशात?"

"काय ता?" शिवाने विचारलं.

"माझ्या चुकीचा. त्या दिवशी माझो गुडघो दुखत होतो. ती नको म्हणत होती, परीक्षा आसा म्हणत होती. मीच म्हटलंय, जा गो, पाणी सुकला हा, दोन मुठी तिसरे घेवन ये. मीच धाडलंय तिका." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच आटलं होतं. "गावासमोर एकदा देवाक सांगा, ह्या आवशीची चूक पोटात घाल म्हणान. मगे तरी माका झोप लागात."

शिवाला वाटलं, आत्ताच्या आत्ता हिच्या पायावर डोकं ठेवावं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "सांगतंय." सुभद्रा उठली, जाता जाता म्हणाली, "तुमचे उपकार होतले." उपकार! तो शब्द त्याला चपराकीसारखा बसला.

ती कुंपणाबाहेर गेली आणि सीता आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"गप रवा हां," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिचा जा सांगणा आसा ता सांगा नि मोकळे व्हा."

"मोकळो? ती थंय मान खाली घालून उभी रवतली, नि मी तिच्यासाठी माफी मागतलंय? माझ्या पापाची?"

"मगे काय गावासमोर बोंब मारशात? चेडू परत येतला काय त्यान? दोन वर्सा गिळलात ना? आनी एक दिवस गिळा."

सीता वाईट बाई नव्हती. तिला या वाडीत जगायचं होतं, विहिरीवर जायचं होतं, चारचौघींत बसायचं होतं. पण शिवाला आता एकच दिसत होतं. ही बाई आपल्या वाटणीचं ओझं डोक्यावर घेऊन फिरते आहे आणि ते तिच्या डोक्यावर राहतंय ते केवळ आपल्या गप्प बसण्याने. सांगितलं तर ती सुटेल आणि आपण मरू. नाही सांगितलं तर आपली अब्रू राहील आणि ती झिजून झिजून मरेल. तिसरी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकती लागली तशी वाडी उंडलीखाली जमली. बाया टोपल्या घेऊन आल्या होत्या. कितीतरी दिवसांनी थट्टामस्करी चालली होती. कोणीतरी शिवाला म्हणालं, "घाड्यानु, आज मोठ्यान घाला हां, देव दोन वर्सा झोपलो हा!" लोक हसले. सुभद्रा पुढेच उभी होती, हात जोडून, डोळे मिटून.

शिवाने राखणदारासमोर नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या पायाकडे तारीवाडीची लहानथोर लेकरा जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खाडीत परत जीव धरलो हा, तो असोच वाढांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायांचा आवाज या वेळी पुरुषांच्या वर गेला.

मग शिवा थांबला. त्याने सुभद्रेकडे बघितलं. तिची मान आणखी खाली गेली होती.

"ह्या सुभद्रेन आपल्या चेडवाक खाडीत धाडल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," लोक हळू आवाजात म्हणाले. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला.

"तेच्यात तिची काय चूक नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चूक आसा ती ह्या घाड्याची, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हटलं की सगळ्यांनी! सवय ती सवय. गाऱ्हाण्यात वाक्य कोण ऐकतो, शेवटचा 'म्हाराजा' आला की तोंड आपोआप उघडतं. असंच तर त्या बांधालाही व्हय म्हटलं होतं.

"त्या दिवशी सकाळी बांध फुटतलो ता घाड्यान डोळ्यान बघल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हा..." अर्ध्यांचा आवाज मध्येच तुटला. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. सुभद्रेने डोळे उघडले.

शिवा आता थांबत नव्हता. व्हय येतोय की नाही याची वाट न बघता तो बोलत सुटला. "बघल्यान, नि तुका नारळ फोडून घराक जावन झोपलो. आपलो शब्द पोकळ ठरात म्हणान कोणाक सांगूक नाय. सांगल्यान असता तर खाडीत कोण उतरला नसता, म्हाराजा! तन्वी आज हय उभी असती! हेची शिक्षा तेका दी. तो असोच चिखलात रुतान मरांदे. तेच्या घरात दिवो लावूक कोण उरां नको, म्हाराजा!"

मागे उभ्या असलेल्या सीतेने कपाळावर हात मारून घेतला आणि ती मटकन खाली बसली.

मग दात आवळून, एकेक अक्षर चावल्यासारखं, धोंडू म्हणाला, "व्हय म्हाराजा." धोंडू तन्वीचा सख्खा काका. त्यानेच तिला गाळातून ओढून काढली होती. त्याच्या मागोमाग आणखी दोघेतिघे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणखी थोडे म्हटले असते तर तो शब्द गावाचा झाला असता, आणि घाड्याच्या घरावरचा तो शाप कोणाच्या बापाला मागे घेता आला नसता.

"गप रवा सगळे!"

सुभद्रा ओरडली. गाऱ्हाण्यात बाई मध्येच बोलली असं तारीवाडीत कधी घडलं नव्हतं. "माझ्या चेडवाच्या नावान आनी एक मडा मागू नकात," ती धोंडूला म्हणाली, आणि शिवासमोर येऊन उभी राहिली.

"सकाळी बघलंस?"

"व्हय," शिवा म्हणाला.

"आनी मी तिका दुपारी धाडलंय."

"व्हय."

"सड्यावरसून येताना माझ्याच घराकडसून येवचा लागता. इलेलंस मां?"

"व्हय." शिवाने पुढे सांगितलं, "ती पडवेर पुस्तक घेवन बसलेली. माका म्हणाली, काका, धावतास कित्याक? मी म्हटलंय, असोच."

सुभद्रेने तोंडावर हात दाबून धरला. कोणीतरी तिला सावरायला पुढे झाली, तिला तिने झिडकारलं.

"दोन वर्सा मी तिका रोज ढकलतंय खाडीत. ह्या हातान! नि तू माझ्या ओटयेर येवन बसलंस, माझो चाय पिलंस, माका सांगलंस, देवाची मर्जी. आनी आता सांगतंस कोणाक? तर ह्या धोंड्याक!" राखणदाराला धोंडा म्हटलेलं ऐकून म्हाताऱ्यांनी कानावर हात नेले. "देवाक कित्याक मधी घालतंस? शिक्षा मागतंस, मरान मागतंस. तू मेलंस की सुटलंस. माका काय त्याचा? माका सांग."

"काय सांगू?"

"आताच माझ्याविषयी म्हटलंस ता. म्हाराजा लावू नको."

इतकी वर्षं शेकडो लोकांसमोर ठणठणीत बोलणारा माणूस. त्याला चार शब्द फुटेनात. शेवटी तो म्हणाला, "सुभद्रा, तुझी काय चूक नाय."

"परत सांग."

"तुझी काय चूक नाय."

"परत."

त्याने परत सांगितलं. ती सांग म्हणत राहिली आणि तो सांगत राहिला. त्याचा आवाज बसला, शब्द नीट कळेनासे झाले, तरी ती थांबू देईना. मग एकदम ती वाळूत बसली आणि रडायला लागली. तन्वीला जाळली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. बाया टोपल्या टाकून तिच्याभोवती बसल्या, त्याही रडत होत्या, आणि शिवा तिथेच मान खाली घालून उभा होता. ओहोटी उलटली, भरती लागली. त्या दिवशी खाडीत कोणी उतरलं नाही.

उठताना सुभद्रा त्याला म्हणाली, "माफ करूक माका जमतला काय नाय, ठावक नाय. आज तर नायच. पण ह्या तू रोज सकाळी येवन माका सांगूचा. सकाळ झाली की माका परत वाटता, मीच धाडलंय."

गावाने पुढे जे करायचं ते केलं. धोंडूने घाड्याचा मान काढून घेतला. सीता विहिरीवर आली की बाया कळशा उचलून निघून जायच्या. शिवाच्या घरच्या पूजेला कोणी आलं नाही. कोर्टात जाऊन शिवाने जे बघितलं होतं ते सांगितलं, तर कंपनीचा वकील उलट त्यालाच म्हणाला, मग गुन्हेगार तुम्हीच की! शिवा म्हणाला, "मी आहेच. पण बांध तुमचा होता." तारखा पडतच राहिल्या.

पण रोज सकाळी तो सुभद्रेच्या अंगणात जायचा. ती केर काढत असायची, नाहीतर चुलीपुढे. हात थांबवायची. तो म्हणायचा, "तुझी काय चूक नाय." ती म्हणायची, "आयकलंय." तो परत फिरायचा. ना बस म्हणणं, ना चहापाणी. पहिले काही दिवस पोरंबाळं बघायला जमायची, मग त्यांनाही कंटाळा आला.

पुढच्या पावसाळ्यात शिवाला ताप भरला. अंगात उभं राहायची ताकद नव्हती. एका सकाळी त्याचं जाणं चुकलं, आणि ऊन चढता चढता सीतेला दारात सावली दिसली. सुभद्रा आली होती. त्या गाऱ्हाण्यानंतर तिने या घराची पायरी चढली नव्हती. आजही ती उंबऱ्याबाहेरच थांबली, चौकटीला धरून.

"आज इलंस नाय," ती आत बघून म्हणाली.

"ताप आसा गो त्यांका," सीता म्हणाली. "काल रातीपासून शुद्ध नाय धड."

"ताप आसा ता दिसता माका." तिचा आवाज कोरडा होता, पण चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. "सांग म्हणावा."

शिवाने कोपरावर जोर देऊन डोकं उचललं. "तुझी... काय चूक नाय, सुभद्रा."

तिने डोळे मिटून ते ऐकलं. मग सीतेकडे वळून म्हणाली, "पेज घातलंस काय तेका?"

"नको म्हणतत."

"नको म्हणता म्हणान काय झाला? भरव. बरो होवंदे तेका," सुभद्रा म्हणाली आणि पायरी उतरताना तिचा आवाज फाटला. "तो मेलो तर माका रोज कोण सांगतला?"